पडवीतला कॉम्प्युटर

वर्नर ल्युंडच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क तिसऱ्यांदा मेली तेव्हा दुकानदार डेलने सीपीयूचा डबा उघडून आत नुसतं पाहिलं आणि विचारलं, "आता काय केलंत हिला?"

"काही नाही. जपली."

"इतकं जपू नका हो. लोक आपटतात, पाडतात, तरी त्यांच्या डिस्का वर्षानुवर्षं चालतात."

वर्नरला हसू आलं नाही. त्या डिस्कवर मार्डेलचा आवाज होता. मार्डेल म्हणजे त्याची बायको. बर्फ वितळायच्या सुमाराला ती गेली. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरीला होती, आणि तिथून घरी फोन करून फोनला जोडलेल्या, आवाज टिपणाऱ्या यंत्रावर निरोप ठेवायची. चिकन फ्रीझरमधून काढ, अंगणातला बर्फ ओढ. मधूनच, "वर्नर, तू घरात आहेस हे मला माहीत आहे. उचल." त्या निरोपांची एकच कॅसेट उरली होती, आणि तिची फीत झिजत चालली होती. डेलच्या मते ती अजून फार तर एकदा नीट वाजणार होती. म्हणून तर आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा खटाटोप. पहिली बाजू उतरायची आणि दुसरीला हात घालायच्या आत डिस्क मरायची. मार्डेल गेल्यापासून दुसरी बाजू वर्नरने ऐकलीच नव्हती. डिस्क टिकल्याशिवाय फीत कशाला झिजवायची?

"दुसरी प्रत ठेवा म्हटलं होतं मी," डेल म्हणाला.

"ठेवली होती की. वेगळ्या डिस्कवर."

"मग आणा ती."

वर्नरने डब्याकडे बोट दाखवलं. "आतच आहे. पहिलीच्या शेजारी."

डेलने चष्मा काढला, डोळे चोळले आणि नवी डिस्क बसवायला घेतली.

रविवारी मेव्हणी अर्डिस आली. मार्डेलची धाकटी बहीण. दर रविवारी चर्चमधून परस्पर यायची, कॉफी प्यायची आणि वर्नरच्या घरात काय काय चुकलंय ते सांगायची. वर्नर तेव्हा पडवीतून कॉम्प्युटर आत आणत होता. काचेची ती पडवी हिवाळ्यात उणे वीसवर जायची. बिअर, उरलेलं सूप, हरणाचं मटण, सगळं तिथेच असायचं. गावात सगळ्यांचंच तसं.

"हे काय? कॉम्प्युटर बिअरजवळ?"

"पहिली डिस्क गेली तेव्हा डेल म्हणाला, उष्णतेने जातात, थंड जागी ठेवा. इथल्याहून थंड जागा दाखव."

"मग आत कशाला आणतोस?"

"बाहेर बोटं गारठतात. काम झालं की परत नेतो." त्याने डबा टेबलावर ठेवला. चुलीवर सूप उकळत होतं. ओट्यावरचं फडकं घेऊन तो डबा पुसू लागला. "आत आणला की घामेजतो बिचारा. दर वेळी पुसून मगच चालू करतो."

अर्डिसने कप खाली ठेवला. "वर्नर, शिकारीहून आलास की बंदूक कुठे ठेवतोस?"

"गराजमध्येच. गार बंदूक उबेत आणली तर तिला आतपर्यंत घाम सुटतो. गंजते. हे शेंबड्या पोरालाही..."

तो थांबला. हातातल्या फडक्याकडे त्याने पाहिलं.

"पूस, पूस," अर्डिस म्हणाली. "बाहेरून चांगला चकचकीत कर. पन्नास वर्षं बंदुकीला जपलंस, आणि बायकोच्या आवाजाला आंघोळ घालतोयस!"

"मग ठेवू कुठे? इथे वाफ. बैठकीत शेगडीची राख."

"आधी होता तिथे ठेव. मार्डेलच्या शिवणाच्या खोलीत नऊ वर्षं सुखात होता. पहिली डिस्क म्हातारी होऊन गेली. उष्णता कसली?"

"ती खोली बंद आहे."

"बंद आहे, की तू केलीस? डेलने थंड जागा म्हटलं आणि तुला निमित्त मिळालं."

वर्नरने फडकं बाजूला टाकलं आणि डबा उचलला. अर्डिसने पुढे होऊन दार उघडलं. खोलीत शिवणयंत्राच्या सुईखाली निळ्या कापडाची एक बाही तशीच अडकलेली होती. त्याने तिला हात लावला नाही. शेजारच्या टेबलावर डबा ठेवला आणि खिडकीपाशी जरा उभा राहिला.

"चालू करू नकोस हं," अर्डिस म्हणाली. "उद्यापर्यंत वाळू दे."

"कळतं मला."

"आता कळतं."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. डेलकडून कोऱ्या सीडी घेऊन आली होती, प्रत स्वतःच्या घरी नेणार होती. पहिली बाजू उतरली. डिस्क शांत घुमत राहिली. वर्नरने कॅसेट उलटी केली आणि श्वास रोखून बटण दाबलं. खरखर, मग मार्डेल.

"वर्नर, अर्डिसने ते हिरव्या जेलीचं सॅलड आणून ठेवलंय, गाजर घातलेलं. ते बस्टरला घाल. पण तिला सांग की फार छान झालं होतं, नाहीतर रुसेल."

वर्नर पडद्याकडे बघत राहिला. मान वळवायची त्याची छाती होईना.

"कुत्र्याला?" अर्डिस म्हणाली.

"मार्डेलने सांगितलं. मी काय करणार?"

"आणि तू मला सांगितलंस की भांडं चाटूनपुसून साफ केलं!"

"केलं होतं. खोटं नाही बोललो."

"म्हणून मी दर ईस्टरला तुमच्यासाठी मुद्दाम जास्त करायचे!"

"बस्टर वाट बघायचा."

अर्डिस हसायला लागली. हसता हसता तिने रुमाल शोधला, तो मिळेना, तेव्हा बाहीनेच डोळे पुसले. वर्नरही हसत होता, आणि त्याचेही डोळे काही कोरडे नव्हते. फीत पुढे सरकत होती. मार्डेल काहीतरी बटाट्यांबद्दल सांगत होती.

"गप्प बस आता," अर्डिस म्हणाली. "ऐकू दे मला. अजून काय काय म्हणाली माझ्याबद्दल?"