सही केलेलं पॅनेल

सकाळी नऊ चाळीसला झुओ मिनफेनने लॅपटॉप मिटला आणि आत काहीतरी कट्‌कन मोडलं. कीबोर्डवर शिवणाचं पितळी अंगुस्तान राहिलं होतं. उघडून पाहिलं तर पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातून शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरत चालला होता.

संध्याकाळी साडेचारला तिला शहराच्या फुतियेन भागातल्या एका हॉटेलात तेंगबाईंना भेटायचं होतं. तेंगबाई हाँगकाँगच्या लग्नकपड्यांच्या दुकानासाठी खरेदी करत. नवरीच्या भरतकाम केलेल्या पोशाखांच्या बारा जोड्यांची ऑर्डर होती. ती मिळाली नाही तर तिच्या छाओचौच्या कारखान्यातल्या सहा बायकांना जूनपासून घरी बसवावं लागणार होतं. नमुने सगळे या लॅपटॉपमध्ये. भरतकामाचा प्रोग्रॅमही फक्त याच यंत्रावर चालायचा. तेंगबाईंनी फोनवर बजावलं होतं, "पडद्यावरचा लाल आणि कापडावरचा लाल एकच दिसला पाहिजे. मागच्या कारागिराने दाखवला एक आणि पाठवला भलताच."

लॅपटॉप कंपनीच्या सेवाकेंद्राने दोन हजार सहाशे युआन आणि सात दिवस सांगितले. मिनफेनकडे खर्चायला नऊशे होते आणि सात तासही नव्हते. ती सरळ ह्वाछियांगपेइच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेली.

वाटेत मावसभावाचा फोन आला. "दुकानदाराच्या हाती द्यायच्या आधी सही कर. बॅटरी, मेमरी, दिसेल त्या भागावर. नाहीतर चांगला माल काढून भंगार बसवतील आणि तू हसत घरी येशील."

दुसऱ्या मजल्यावरचा यान छुनलान यांचा गाळा दीड हात रुंद होता. बाई पन्नाशीच्या, हुनान प्रांतातल्या. समोर भाताचा डबा उघडा आणि त्यावर मिरच्यांचा थर. मिनफेनने चाचरत पेन मागितलं, तेव्हा त्यांनी न बघताच मार्कर पुढे केला.

"कर बाई, कर. इथे येणारा प्रत्येक जण आधी सही करतो, मग नाव सांगतो."

"राग नाही ना आला, यानताई?"

"राग कसला? माझ्या नवऱ्यानेही लग्नाआधी माझे दात मोजले असते, त्याला हिंमत नव्हती म्हणून."

मिनफेनने बॅटरीवर सही केली, मेमरीवर केली, डिस्कवर केली. यानताईंनी मोडलेल्या पडद्याच्या पाठीवरचा पॅनेल नंबर वाचला, वरच्या मजल्यावर फोन केला आणि सांगितलं, "सहाशे ऐंशी, बसवण्यासकट. पाऊण तास." दहा मिनिटांत पॅनेल आलं, वर संरक्षक फिल्म चिकटलेली. यानताई स्क्रू शोधायला वाकल्या, तेवढ्यात मिनफेनने त्याही पॅनेलच्या पाठीवर, लेबलावरच, ठळक सही ठोकली.

पॅनेल जोडलं, पडदा उजळला. मिनफेनने नमुना उघडला, पिशवीतून कापडाचा तुकडा काढून शेजारी धरला आणि तिचा चेहरा पडला. कापड कुंकवासारखं लाल होतं. पडद्यावर ते विटेसारखं दिसत होतं.

"पडद्याचा रंग वाढवता नाही येणार?"

"जो रंग यात नाहीच तो वाढवू कसा?" यानताईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "तू काय काम करतेस?"

मिनफेनने सांगितलं. त्यांनी पॅनेल पुन्हा सोडवायला घेतलं.

"हे आधी मी विचारायला हवं होतं. लोक मालिका बघायला आणि हिशोब लिहायला पॅनेल घेतात, त्यांना हे पुरतं. तुला नाही पुरणार. चूक माझी. फिल्म शाबूत आहे, परत करून येऊ. चल."

तिसऱ्या मजल्यावरच्या फान यांनी पॅनेल हातात घेतलं, उलटं केलं आणि मोठ्याने हसले.

"यानताई, ही कोण नटी आणलीस? सही आहे म्हणून महाग विकू का?"

"पुसून देते."

यानताईंनी कापसावर स्पिरिट घेऊन घासलं. सही गेली, पण लेबलावरचा छापील नंबरही अर्धा गेला.

"आता तर संपलंच," फान म्हणाले. "नंबर नाही तर कारखाना बदलून देत नाही. परत घेतलं तर हे चारशे ऐंशीचं पॅनेल माझ्याच गळ्यात. जमणार नाही, ताई."

मिनफेनचे कान तापले. भावाने सांगितलं ते सगळं तिने केलं होतं, आणि त्यातलंच एक तिला बुडवत होतं. "चारशे ऐंशी माझे गेले, मी भरते," ती पुटपुटली.

"मग चांगल्या पॅनेलला काय भरशील? ते नऊशे ऐंशीचं आहे." यानताईंनी घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. "तुझा कापडाचा तुकडा दे इकडे."

पुढचा दीड तास मिनफेन त्यांच्या मागे चालत राहिली. तीन गाळे, सहा पॅनेलं. प्रत्येक पॅनेल यानताई छोट्या तपासणी-पेटीला जोडत, जिन्याजवळच्या खिडकीशी नेत आणि कापड शेजारी धरून उजेडात बघत. गाळ्यातल्या ट्यूबलाइटखाली त्यांनी एकदाही ठरवलं नाही. दुसरं पाहताना म्हणाल्या, "हा केशरीकडे झुकतो." चौथं मिनफेनला चांगलं वाटलं. यानताईंनी पडदा थोडा तिरका केला आणि लाल फिकट पडला. "तुझी बाई समोरच बसेल असं कुणी सांगितलं? शेजारी बसली तर?"

सहावं पॅनेल जुन्या यंत्रातून काढलेलं होतं. कडेला ओरखडा होता, पण तो चौकटीखाली झाकला जाणार होता. कापड शेजारी धरल्यावर कडा कुठे संपते ते शोधावं लागत होतं. सहाशे दहा सांगणाऱ्या माणसाला यानताईंनी पाचशे साठवर आणलं, तेही त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करत करत.

दोन पन्नासला पॅनेल बसलं. मिनफेन त्यांची बोटं पाहत होती. केसासारखी पातळ पट्टी त्या खाचेत सरकवत होत्या, जोर कुठेच नव्हता, आणि स्क्रू ज्या भोकातला त्याच भोकात जात होता. तिच्या कारखान्यात तीस वर्षं सुई चालवणाऱ्या बायका होत्या. असा हात तिथेही दोघींचाच होता.

"किती झाले?"

"सहाशे ऐंशी. सांगितले तेवढेच."

"अहो, पण ते वाया गेलेलं पॅनेल?"

"बोललेला आकडा बदलायला मी काय भाजीवाली आहे? ते ठेवेन, खपेल कुठेतरी."

मिनफेनने फोन पैसे भरायच्या क्यूआर कोडसमोर धरला आणि आकडा टाकला. काउंटरवरचा छोटा स्पीकर ओरडला, "आठशे ऐंशी युआन जमा!"

शेजारच्या गाळ्यांतल्या माना वळल्या. यानताईंनी डोळे वटारले आणि जादा दोनशेतले शंभर लगेच परत पाठवले.

"सहीचे शंभर घेतले. लाल ओळखता आला नाही ते माझ्यावर. आता पळ, आणि लॅपटॉप मिटताना आत काही ठेवू नकोस."

साडेचारला तेंगबाई मिनफेनच्या शेजारीच बसल्या. त्यांनी कापड स्वतःच्या हाताने पडद्याला लावलं, काढलं, पुन्हा लावलं. तिसऱ्या नमुन्यावर बराच वेळ थांबल्या. "लाल बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या. मग बारा जोड्यांचा भाव लिहून घेतला, कापड पर्समध्ये ठेवलं आणि दुकानाच्या मालकांशी बोलून कळवते म्हणाल्या.

हे मंगळवारी झालं. शुक्रवारी दुपारी मिनफेनने त्यांना निरोप पाठवला. तो वाचला गेल्याची खूण आली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.