वळणावरचा हिरवा

दादा जी लाँच चालवायचा, तिला दरसाल रंग मी द्यायचो. ती मोडीत निघाली तेव्हा तिच्या अंगावरची नखाएवढी खपली मी काड्यापेटीत जपून ठेवली. दादाला जाऊनही आता चार वर्षं झाली. वहिनी कायमच्या लेकीकडे निघाल्या होत्या. त्यांच्यासोबत जावी म्हणून तसल्याच लाँचचा प्लास्टिकचा संच आणून मी जोडला होता. वीतभर लाँच. राहिला होता फक्त रंग, आणि उद्या अकराला गाडी यायची होती.

दुकानात हिरव्याच्याच एकवीस बाटल्या. दुकानवालीने कागदावर थेंब थेंब लावून वाळवले, कारण ॲक्रिलिक वाळलं की जरा गडद होतं. तेरावा थेंब खपलीशी तंतोतंत जुळला.

"पण काका, एवढ्याशा लाँचवर हा काळपट दिसेल. एक पायरी फिका घ्या."

"चाळीस वर्षं लाँचा रंगवल्यात मी. खपली काय खोटं बोलते?"

"खपली खरीच आहे हो. लाँच लहान आहे."

मी तेरावीच घेतली.

घरी रंग दिला आणि माझं बूड काही टेकेना. दिव्याखाली नेऊन बघ, खिडकीत धरून बघ, काड्यापेटी उघड, मीट.

"अंडी उबवताय का?" बायको म्हणाली. "बसा की एका जागी!"

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून वहिनी आल्या. टेबलाकडे बघून म्हणाल्या, "ही कुणाची लाँच?"

"आपलीच की, वहिनी."

"आपली एवढी काळी नव्हती."

मी खपली पुढे केली. त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही.

"भावोजी, तुम्ही ती ब्रशच्या अंतरावरून पाहिलीत. मी पाहिली खिडकीतून. खाडीच्या वळणावर दिसली की यांच्या आंघोळीचं पाणी ठेवायचे."

रात्रभर कूस बदलत राहिलो. सकाळी दुकानाचं शटर उघडायच्या आधीच मी तिथे येरझारा घालत होतो. दुकानवालीने शटर वर सारून सरळ हिरव्यांचा खण उघडला.

"एक पायरी फिका?"

"दोन पायऱ्या फिका द्या. आणि एक पांढरा."

घरी पोचलो तेव्हा सव्वादहा. थेंबभर पांढरा मिसळला आणि लांब उभा राहून पाहिलं. आणखी एक थेंब. हात घाई करत होता, पण रंगाला घाई चालत नाही. पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. बायको पुठ्ठ्याने वारा घालत होती आणि दर मिनिटाला, "वाळला का?" विचारत होती. एक बाजू झाली. दुसरीला ब्रश लावणार तोच खाली हॉर्न वाजला.

"अर्धीच झाली," मी म्हणालो.

वहिनींनी लाँच टेबलाच्या पार टोकाला ठेवली, फिकी बाजू आपल्याकडे करून, आणि दारापर्यंत मागे सरकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. खाली पुन्हा हॉर्न.

"राहू दे ती बाजू," त्या म्हणाल्या. "परतताना मला हीच दिसायची."

"आणि ती दुसरी?"

"ती जाताना. तेव्हा मी भांडी घासत असायचे."

मी लाँच खोक्यात ठेवायला गेलो, तर त्यांनी अडवलं. ओल्या रंगाला धक्का नको म्हणून तळाशी दोन बोटं धरून त्या स्वतःच जिना उतरल्या.