टिंबाची कळ

मी एक जुना टाइपरायटर आहे. मित्रांनो, आत्मवृत्त सांगावे इतके माझ्या आयुष्यात काही घडले आहे का, याची मला खात्री नाही. जन्मभर मी दुसऱ्याचेच शब्द उमटवले. तरी एका टिंबाविषयी सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडी सांगाडा, दातेरी चाके आणि प्रत्येक कळीमागे एक बारीक हातोडी, तिच्या टोकावर अक्षर. सुरुवातीची वर्षे मी एका कचेरीत काढली. 'वरील विषयास अनुसरून' हे शब्द इतक्यांदा उमटवले की आजही ते माझ्या सांध्यांत आहेत. पुढे कचेरीत नवी यंत्रे आली आणि मला एका तरुण शिक्षकाने घरी नेले. त्यांना मी सरच म्हणेन.

सर डोंगरापलीकडच्या एका लहान समाजातले. त्यांच्या बोलीला लिपी नव्हती. आपल्या अक्षरांत ती जवळजवळ बसे, एक उच्चार तेवढा बसत नसे. 'ल' म्हणायचा, पण गळ्यातून आवाज न काढता, गालांतून वारा सोडून. सरांनी त्यासाठी ल खाली टिंब द्यायचे ठरवले. माझ्यावर तशी कळ नव्हती. सर आधी ल उमटवीत, एक घर मागे येत, रूळ हाताने किंचित फिरवीत आणि पूर्णविरामाची कळ दाबीत. एका टिंबासाठी एवढा खटाटोप! मी कुरकुरत असे. सर कधी कंटाळले नाहीत.

कारण त्या टिंबाशिवाय त्यांच्या घरातला एक शब्द लिहिताच येत नव्हता. तो शब्द 'पाल़'. म्हणजे 'परत ये'. घरातून कुणी निघाले की आई दारात येऊन एवढेच म्हणे. तुम्ही नाही का, निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणत? तसेच ते. फक्त हा शब्द मागे राहणाऱ्याने म्हणायचा असतो.

आई गेली त्याच वर्षी सरांची पहिली कादंबरी लिहून झाली. अर्पणपत्रिकेच्या पानावर दोनच शब्द होते, 'आई, पाल़.' ते पान माझ्यातून काढताना सर बराच वेळ रूळ धरून बसले होते.

पुस्तक छापून झाले तेव्हा प्रकाशक स्वतः पहिली प्रत घेऊन आले. स्वारी खुशीत होती.

"सर, तुमच्या कागदांवर माश्या फार बसतात हो! जिथे बघावं तिथे ठिपके. काळजी नको, मी एकूण एक साफ करून घेतलेत."

सरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांनी पहिले पान उघडले. तिथे ती बसलेलीच होती. 'आई, पाल.'

हसू आले ना, मित्रांनो? सगळ्यांनाच आले. कादंबरी गाजली. विद्यापीठाने लहान समाजांच्या अभ्यासाचा विभाग काढला आणि सर तिथे प्राध्यापक झाले. सत्कार झाले, हार पडले. पण मागच्या बाकांवर त्यांचे नाव 'पालसर' पडले ते पडलेच. लेकीच्या शाळेत मुली तिला पाहून बाकावर चढत आणि "आई, पाल!" म्हणून किंचाळत. ती रडत घरी आली, आणि त्या दिवसापासून तिने बापाच्या बोलीतला एकही शब्द तोंडातून काढला नाही. सरांनी तिला आग्रह केला नाही. आग्रह करणे त्यांना जमतच नसे.

सरांची थोरली बहीण उतारवयात वाचायला शिकली. तिने आधी तेच पान उघडले.

"अरे, आईच्या नावापुढे ही पाल कुणी बसवली?"

"छापताना चुकलं, ताई."

"मग हाकल की! एवढा शिकलास, एक पाल हाकलता येईना?"

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी सरांनी विषय काढला, तर प्रकाशक म्हणाले, "एका टिंबासाठी छपाईचा नवा खिळा कोण पाडणार? पाल भिंतीला धरून आहे, पुस्तक खपतंय. राहू द्या हो!" सर "बरं" म्हणाले. मात्र कुणी सहीसाठी प्रत आणली की ते आधी पेनने टिंब देत आणि मगच सही करीत.

मग संगणक आला. मी कपाटावर गेलो. माझी फीत वाळली, कळांत धूळ साचली. ताईही गेली. आता सरांना दारात 'पाल़' म्हणणारे कुणी उरले नाही.

सर आजारी पडले. हात थरथरू लागले. शस्त्रक्रिया ठरली आणि त्याच सुमारास नव्या प्रकाशिकेचा फोन आला. "कादंबरीची नवी आवृत्ती काढतेय. अर्पणपत्रिका टाइप करून द्या. पानाचा फोटो काढून जसंच्या तसं छापू. कुणी हात लावणार नाही."

लेकीने मला खाली उतरवले, पुसले, नवी फीत घातली. सर शेजारी बसले.

"बाबा, टिंब कुठल्या ल ला?"

"अगं, ल एकच आहे त्यात! पण आधी म्हण. म्हटल्याशिवाय टिंब जागेवर बसत नाही."

"मला नाही येत."

"गालांतून वारा सोड."

तिने सोडला. गरम चहावर फुंकर मारल्यासारखा आवाज आला. दोघे हसले. मग ती एक घर मागे आली, रूळ फिरवला आणि कळ अशी हाणली की कागदाला भोक पडले.

"फाटलं, बाबा!"

"राहू दे. आता डाग म्हणून कुणी पुसणार नाही."

दुसऱ्या दिवशी जावयाने गाडी काढली. लेक डबा घेऊन मागाहून जाणार होती, म्हणून दारातच थांबली. सर पायरी उतरले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, पाल़." उच्चार चोख होता. सरांनी वळून पाहिले.

ते परत आले नाहीत. पुस्तक आले. त्या पानावरची अक्षरे माझी आहेत, आणि टिंबाच्या मधोमध एक पांढरा कण आहे.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा असे मी म्हणत नाही. पण कुणाच्या लिहिण्यात अनोळखी टिंब दिसले, तर डाग समजून खोडू नका. आधी लिहिणाऱ्याला विचारा.

आता तुम्ही निघाल. मागे राहणारा मी.

पाल़.