उबेच्या काठावरचा मासा

मी एक जुना मासा आहे, मित्रांनो, आणि ऊन म्हणजे काय हे मला आजतागायत ठाऊक नाही. समुद्राच्या अगदी तळाशी, जिथे उजेड पोचतच नाही, तिथे माझा जन्म झाला. दिसायला मी काही खास नाही. अंग पांढुरकं, कातडी ढगळ सदऱ्यासारखी सैल आणि स्वभाव आळशी. पण आमच्या वस्तीचा थाट काही विचारू नका! जमिनीच्या भेगांमधून तिथे तापलेलं पाणी उसळतं आणि काळ्या धुरासारखे लोट वर चढतात. त्या झऱ्यांभोवती शिंपल्या, गोगलगायी आणि बारीक कोळंबीची नुसती रेलचेल. आम्ही शिंपल्यांच्या गर्दीत पडून राहायचं, जवळ आलेलं गट्ट करायचं आणि पुन्हा पडून राहायचं.

एक गोष्ट मात्र आमच्यातल्या पोराटोरांनाही कळते. झऱ्याजवळ राहायचं, झऱ्यात शिरायचं नाही. खाणं झऱ्यामुळे मिळतं, पण आमचं खरं घर म्हणजे भोवतालचं गारेगार पाणी.

एकदा दिवे लावलेलं एक यंत्र खाली उतरलं. त्याच्या जाड नळीने मला आणि माझ्या शेजारणीला सुर्रकन ओढून घेतलं. ही शेजारीण शेपटीचा एक लचका खेकड्याला देऊन बसलेली आणि तेव्हापासून साऱ्या जगावर रुसलेली. वर येताना आमचा जीव जाऊ नये म्हणून आम्हाला पोलादी नळकांड्यात, तळाइतक्याच दाबाखाली ठेवलं होतं. तिथून आमची रवानगी झाली प्रयोगशाळेतल्या टाकीत. टाकीही पोलादाचीच, तिला जाड काचेची एक छोटी खिडकी आणि बाहेर मिणमिणता लाल दिवा.

आमची काळजी घ्यायला एक ताई होती. तिची माया सांगावी तेवढी थोडी. खाणं आत सोडताना ती आमच्याशी गप्पा मारायची. तुमची भाषा मी तिथेच शिकलो. टाकीत दुसरा उद्योग तरी काय होता? तिचे वरिष्ठ, म्हणजे सर, रोज येऊन आकडे बघायचे.

पण पाणी गरम होतं, मित्रांनो! त्यांच्या यंत्राने तापमान मोजलं होतं ते शिंपल्यांखालच्या फटीत, नेमकं झऱ्याच्या तोंडाशी. तेवढीच ऊब त्यांनी आम्हाला टाकीभर दिली. आमची लाहीलाही होत होती. ताजं गार पाणी जिथून आत यायचं, त्या नळाच्या तोंडाशी आम्ही दोघं चिकटून बसायचो. शेजारीण तर भांडून पुढची जागा घ्यायची. मग तिने भांडणं सोडलं, खाणं सोडलं, आणि एका सकाळी ती उलटी तरंगताना दिसली. मला फार वाईट वाटलं.

ताई रडवेली झाली. सर हळूच म्हणाले, "गारठली असेल गं बिचारी. गरम झऱ्याजवळचा जीव. थोडं अजून तापवू या पाणी."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण माझं धाबं दणाणलं. पाणी आणखी तापलं. माझे कल्ले धापा टाकू लागले. आता आपली पाळी, असं मी मनाशी धरून चाललो.

त्याच दुपारी ताईच्या वडिलांचा फोन आला, चेहरा दिसणारा. पंपांच्या धगीने खोली भट्टीसारखी झालेली, आणि ताईने वडिलांना दाखवण्यापुरता जाड स्वेटर चढवलेला! घामाघूम होऊन ती गार पाण्याच्या पाइपला पाठ टेकून बसली होती.

"कानटोपी कुठाय?" वडिलांनी विचारलं.

"बाबा, उकडतंय मला इथे!"

"असं कसं उकडेल? इकडे आम्ही कुडकुडतोय."

"अहो, थंडी तुम्हाला वाजते आणि स्वेटर मी घालायचा? मी कशी बसलेय ते तरी बघा की!"

एवढं म्हणाली आणि तिची नजर खिडकीतून माझ्यावर गेली. त्याच पाइपच्या आतल्या टोकाला मी तोंड लावून बसलो होतो. "बाबा, नंतर बोलते," म्हणत ती सरांकडे धावली.

"सर, आपण फटीचं तापमान मोजलं. मासा फटीत कुठे होता? तो तर वर, बाहेर होता!"

सरांनी खिडकीला डोळा लावून मला नळाशी चिकटलेलं बघितलं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने हीटर बंद केला.

पाणी सावकाश निवत गेलं. दुसऱ्या दिवशी मी एक कोळंबी मटकावली, तर ताईने टाळ्या पिटल्या. आता टाकीच्या एका टोकाला थोडीशी ऊब असते, बाकी सगळीकडे गारवा. कुठे पडायचं ते मी ठरवतो, आणि ताई ते बघून मगच पाण्याला हात लावते.

मित्रांनो, माझ्यावर कोणी राग काढला नाही, उपाशी ठेवलं नाही. मी मरत होतो तो मायेनेच. म्हणून सांगतो, ज्याला जीव लावाल त्याच्याकडे आधी नीट बघा. तो काय टाळतो, कशापाशी जातो, ते बघा. आणि जरा लवकर बघा. भांडायला शेजारीण उरली नाही, म्हणून नळासमोरची पुढची जागा आता रोज माझीच असते, आणि ती मला मुळीच नको आहे.