हात थरथरला नाही
माझा दादा शिंपी आहे. साखरेसाठी तो रोज सकाळी दिवसभर पुरणारं इन्सुलिन टोचून घेतो. एकदा टोचलं की ते चोवीस तास काम करत राहतं, माणूस जेवला की नाही याची त्याला फिकीर नसते. साखर तपासायचं यंत्र मीच आणून दिलं होतं, ते बटणांच्या डब्यामागे धूळ खात पडलेलं. दादाची तपासणी वेगळीच. सुईत दोरा ओवायचा. एका दमात गेला तर ठीक, हात थरथरला तर साखर उतरली, लगेच गोड खायचं. "चाळीस वर्षांचा हात आहे हा, तुझ्या यंत्राला काय कळतंय!" म्हणे. शहाणा! पण इतकी वर्षं त्याचं बरोबर ठरलं, म्हणून मीही नाद सोडला.

माझं औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, 'आणखी कुठली औषधं चालू आहेत' हे विचारल्याशिवाय मी गोळी देत नाही. लोक वैतागतात. वैतागू देत.

दादाला छातीत धडधड व्हायला लागली. नव्या डॉक्टरने गोळी लिहून दिली. त्याच्यासमोर दादाने इन्सुलिनचं नावही काढलं नव्हतं. "साखर आहे थोडी," एवढंच. चिठ्ठी घेऊन तो माझ्याकडे आला. मी वहिनीच्या गुडघ्याची चौकशी केली आणि पाकीट हातात ठेवलं. भावाला काय विचारायचं, सगळं मला ठाऊकच! ही गोळी धडधड दाबते, तशी साखर उतरल्यावरची थरथरही दाबते. परक्यांना हे मी तोंडपाठ सांगते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पंधरा दिवसांनी तो फुशारकी मारायला आला. "बघ, हात कसा झालाय. विशीतला!" मी हसले. मूर्ख मी.

त्या मंगळवारी शाळेच्या गणवेशांच्या घाईत तो जेवलाच नाही. दुपारी वहिनीचा फोन आला.

"वन्सं, यांनी सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्यात. बोलले तर माझ्यावरच खेकसले. घामाने नुसते निथळताहेत."

साखर उतरल्यावरचा घाम त्या गोळीने थांबत नाही.

"यंत्र लावा, वहिनी!"

"लावू देत नाहीत. म्हणतात, दोरा एका दमात गेला."

मी धावत पोहोचले तेव्हा तो मशीनशेजारी निपचित पडला होता. यंत्राने चौतीस दाखवलं. शुद्ध नव्हती, म्हणून तोंडात काही घातलं नाही. रुग्णवाहिकेतच शिरेतून साखर दिली, तेव्हा कुठे डोळे उघडले. माझ्या जिवात जीव आला.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळीचं पाकीट पाहिलं. "इन्सुलिन चालू असताना ही गोळी? देताना कुणी काही विचारलं नाही? कुठलं दुकान?"

"आठवत नाही," दादा म्हणाला.

"माझं दुकान," मी म्हणाले. "मी विचारलं नाही."

दादा आता रोज यंत्र लावतो. माझ्याशी पूर्वीसारखाच बोलतो, चिडवतो. औषधं मात्र चौकातल्या दुकानातून आणतो. परवा मी धीर करून कारण विचारलं.

"रागावलो नाही गं," तो म्हणाला. "पण तो मला ओळखत नाही ना, म्हणून सगळं विचारतो."