अठ्ठावीस दिवसांचा महिना

ठमी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. काच केसभर जास्त घासली गेली की फ्रेममध्ये खुळखुळते, मग ती कुणाच्याच कामाची राहत नाही. अशी काच तिच्या हातून वर्षातून एखादीच जायची. आईच्या फोनचं मात्र तिने पार वाटोळं केलं होतं.

फोन साधा, बटणांचा. आई तो रुमालात गुंडाळून उशाशी ठेवायची. नऊ वर्षांपूर्वी दादा भांडून घरातून निघून गेला, तो वर्षा-दोन वर्षांतून एकदा त्यावर फोन करायचा, दर वेळी निराळ्याच नंबरावरून. कुठे आहेस म्हटलं की विषय बदलायचा. मधल्या काळात ठमी आणि आईने दोन घरं बदलली. आता त्याच्याजवळ घरचं म्हणून जे काही होतं, ते हेच दहा पाठ आकडे.

कंपनीने सुरुवातीला सांगितलं होतं, एकदाच पैसे भरा, फोन जन्मभर येत राहतील. हा जन्म चार वर्षांत संपला. मग नुसता फोन यावा म्हणूनही दर महिन्याला पैसे, मग दीडपट, मग दुप्पट. ठमी पगार झाला की एक तारखेला न चुकता भरायची. पण कंपनीचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. दर महिन्याच्या शेवटी दोन-तीन दिवस फोन मेलेला असायचा आणि या मायलेकींना त्याचा पत्ताच नसायचा. पुढे ठमी बाळंत झाली, ताप उतरेना, पगार बंद. पाच-सहा महिने पैसे भरायचे राहून गेले. आईला वाटलं, पोरगा नेहमीसारखाच गप्प आहे.

सात महिन्यांच्या बाळाला कडेवर घेऊन ठमी कंपनीच्या काउंटरवर उभी राहिली, तेव्हा हातातल्या चिठ्ठीवर रांगेचा एकशे सतरा नंबर होता.

"मॅडम, हा नंबर आता तुमचा नाही. नव्वद दिवस बंद राहिला की दुसऱ्याला जातो," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"अहो, पण अकरा वर्षं आमचा होता!"

"मेसेज पाठवले होते ना आम्ही. चार."

"त्या फोनवर? माझ्या आईला बारीक अक्षर दिसत नाही हो."

"त्याला आम्ही काय करणार?" मुलीने बाळाकडे पाहिलं आणि आवाज जरा खाली आणला. "नवीन घ्या ना. आता त्याच्यावर रोज दीड जीबी आहे."

दीड जीबी घेऊन काय ओवाळायचंय, असं ठमीच्या ओठावर आलं होतं. पण मागचा माणूस खाकरला आणि ती बाजूला झाली.

बाहेर पायरीवर बसून तिने स्वतःच्या फोनवरून ते दहा आकडे फिरवले. पलीकडे कुणीतरी ड्रिल मशीन थांबवलं.

"बोला. वायरिंग का फिटिंग?"

ठमीने सगळं सांगितलं. तो इलेक्ट्रिशियन होता.

"बाई, मी रीतसर पैसे भरून घेतलाय नंबर. दोन महिने झाले. कार्डंसुद्धा छापली."

"नंबर नको हो परत. कुणी फोन केला होता का, एवढंच सांगा."

त्याने ड्रिल खाली ठेवल्याचा आवाज आला.

"केला होता एकाने. तीन आठवडे झाले असतील. आई आहे का म्हणाला. मी म्हटलं राँग नंबर. परत लावला, ठमी आहे का म्हणाला. मी शिडीवर होतो, डोकं फिरलं माझं. म्हटलं, इथं ना तुझी आई आहे, ना ठमी. पुन्हा नाही आला."

"त्याचा नंबर?"

"रोज चाळीस फोन येतात हो. पुसला गेला असणार." मग तो म्हणाला, "आता आला तर तुमचा नंबर देतो. आईशप्पथ देतो."

घरी येईपर्यंत ठमीने तीन खोट्या गोष्टी रचल्या. दारात आईने बाळाला घेतलं आणि विचारलं, "सुरू झाला का गं?" त्या तिन्ही तिथेच विरून गेल्या. ठमीने खरं ते सांगितलं. आई रागावेल, रडेल, निदान तिच्या वेंधळेपणावर दोन शब्द ऐकवेल म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली.

आई बाळाला थोपटत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी होता तो."

"हो."

"त्या माणसाला विचार, खोकत होता का. गेल्या खेपेला फार खोकत होता."

ठमी फोन घेऊन मोरीत गेली आणि दार लोटून घेतलं. इलेक्ट्रिशियनने आवाज ओळखला.

"खोकत? नाही बुवा." तो अडखळला. "आधी तर हसतच बोलत होता."

ठमीने तोंडावर पाणी मारलं आणि ओल्याच हाताने दार उघडलं.

"नव्हता खोकत," ती म्हणाली.

"बरं झालं," आई म्हणाली. मग रिकाम्या फोनवरचा रुमाल काढून तिने बाळाचं तोंड पुसलं.