आव्यावरचं पाणी

आवडाबाईंचा आवा सकाळी सव्वाअकराला फुटला.

नाही, फुटला नाही. पेटल्या आव्याजवळ निकाल बोलायचा नसतो, हा त्यांच्या सासूचा नियम. तेव्हा वरची ओळ कोणी वाचलेली नाही. दहा वाजलेत, लाकडं धडधडतायत आणि आत तिवराच्या पानांचे ठसे घेतलेली मडकी भाजली जातायत. माती घोडबंदर रोडमागच्या खाडीकाठची. तिथे आता भराव पडला. वर बाग होणार आहे, नाव ‘मृद्गंध’. म्हणजे ही शेवटची माती.

समोरच्या टॉवरमधली कल्पिता सुट्टीला आवडाबाईंकडे मडकी शिकते. तिने हौसेने धुराचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तीन हार्ट आले. मग सेक्रेटरी सलिल यांनी कळवलं, ‘बंब बोलावला आहे. घाबरू नये.’

ते वाचून ती घाबरली.

“मावशी, बंब येतोय. पाणी मारतील.”

आवडाबाईंच्या हातातलं लाकूड खाली पडलं. तापल्या मडक्यावर पाणी पडलं की काय होतं, ते बोलायचं नव्हतं.

“त्या सेक्रेटरीला फोन लाव.”

“लावला. सेफ्टी फर्स्ट म्हणाले.”

“मंग धूर झाक.”

कल्पिता ओढणीने धूर झाकू लागली. ती इंजिनिअर होती.

सायरन ऐकू आला आणि एका जागी थांबला. ट्रॅफिक.

“अडकू दे रं देवा,” आवडाबाई पुटपुटल्या. घोडबंदरच्या ट्रॅफिकसाठी आजवर कोणी नवस बोललं नव्हतं. पण नेमकी आज लोकांनी शिस्तीत वाट दिली.

बंबावरचा जवान सभ्य होता. “मावशी, बाजूला व्हा.”

“बाला, ही आग नाय, आवा हाय. भाजू दे.”

“कंप्लेंट आगीची आहे.”

आवडाबाई हलल्या नाहीत. त्याने आपलं हेल्मेट काढून त्यांच्या डोक्यावर ठेवलं, दंडाला धरून त्यांना हळूच बाजूला घेतलं आणि पाणी सोडलं.

वाफ उठली. आतून टक आवाज आला. मग टक, टक.

“तुला कं ऐकू आला?” आवडाबाईंनी विचारलं.

“नाही,” कल्पिता म्हणाली.

“मना पन नाय.”

आवा तिसऱ्या दिवशीच उघडतात. दुसऱ्या दिवशी आवडाबाईंनी कल्पिताकडून अर्ज लिहून घेतला आणि खाली सावकाश सही केली:

‘मा. अधिकारी, अग्निशमन केंद्र, यांस. काल आपण माझ्या आव्यावर ओतलेले पाणी माझ्या उपयोगाचे नाही. आवा अद्याप उघडलेला नाही. तरी तो उघडण्यापूर्वी सदर पाणी परत घेऊन जावे, ही नम्र विनंती.’